पिन टाकण्यापूर्वी नाव वाचा : ऑनलाइन खरेदीतील फसवणूक कशी चालते आणि ती कशी टाळता येते

नागपुरात मार्च संपत आला की घरोघरी कूलर खाली उतरतात, खसच्या ताट्या बदलल्या जातात आणि ज्यांच्या कूलरने गेल्याच उन्हाळ्यात मान टाकली होती ते नव्याची चौकशी करू लागतात. नेमक्या याच दिवसांत मोबाइलवर जाहिरात झळकते : नामांकित कंपनीचा मोठा डेझर्ट कूलर, साठा संपेपर्यंत अवघ्या १,४९९ रुपयांत, घरपोच. सीताबर्डीच्या दुकानात ज्या वस्तूला कित्येक पटींनी जास्त पैसे मोजावे लागतात ती इतकी स्वस्त कशी, असा प्रश्न मनात येतोही. पण ‘कंपनीचा गोदाम रिकामे करण्याचा सेल’ हे उत्तर जाहिरातीतच तयार असते.

जाहिरातीवर बोट ठेवताच एक देखणे संकेतस्थळ उघडते. वरच्या बाजूला उलटे मोजणारे घड्याळ असते, कूलरच्या चित्राखाली ‘फक्त ३ नग शिल्लक’ असे लाल अक्षरांत लिहिलेले असते आणि दर काही सेकंदांनी कोपऱ्यात कुणीतरी नुकतीच खरेदी केल्याची सूचना सरकत येते. पत्ता भरून पुढे गेल्यावर कळते की ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची सोय तात्पुरती बंद असून पैसे आधीच यूपीआयने द्यायचे आहेत. पैसे जातात, ऑर्डर क्रमांक येतो, चार दिवसांनी ‘माल निघाला’ असा संदेशही येतो. त्यानंतर काहीच येत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी ते संकेतस्थळही उघडेनासे होते.

ही पद्धत एकट्या नागपूरची नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले होते आणि २०२४ मध्ये हा आकडा सुमारे २२,८४५ कोटींवर गेला. यात गुंतवणुकीची आमिषे, ‘डिजिटल अटक’ अशा सर्वच प्रकारांचा समावेश आहे. खरेदीतील फसवणूक हा त्यातला एक भाग. खरेदीत गमावलेली रक्कम बहुधा हजार-दोन हजारांची असते आणि एवढ्याशा पैशांसाठी कोण पोलिसांकडे जाणार, असे म्हणून लोक गप्प बसतात. माझ्या मते या प्रकारांची वाढ होण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. भामट्याला एका घरातून लाख रुपये काढण्यापेक्षा शंभर घरांतून हजार-हजार काढणे सोपे जाते, कारण त्या शंभर घरांपैकी फार थोडी घरे तक्रार करतात.

खोटे दुकान कशावर उभे राहते?

अशा दुकानाला तीन गोष्टी पुरतात : संकेतस्थळ, जाहिरात आणि बँक खाते. संकेतस्थळ तयार साच्यांवरून तासाभरात उभे करता येते. वस्तूंची छायाचित्रे खऱ्या दुकानांच्या पानांवरून उचललेली असतात आणि संकेतस्थळाचे नाव काही शे रुपयांत वर्षभरासाठी मिळते. समाजमाध्यमांवरची जाहिरात पैसे देऊन विशिष्ट शहरातील, विशिष्ट वयाच्या लोकांनाच दाखवता येते. त्यामुळेच विदर्भातल्या माणसाला एप्रिलमध्ये कूलर दिसतो आणि दिवाळीच्या तोंडावर पैठणी दिसते.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिसरी आहे. भामटा स्वतःच्या नावाचे खाते कधीच वापरत नाही. तो दुसऱ्याचे खाते भाड्याने घेतो, आणि अशा खात्यांना बँका व पोलीस ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. कमिशनच्या आशेने स्वतःचे खाते, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देणारे कधी विद्यार्थी असतात, कधी बेरोजगार तरुण, तर कधी ज्यांना आपल्या खात्याचे काय होत आहे हे नीट ठाऊकही नसते असे मजूर. तपास सुरू झाल्यावर पोलीस सर्वांत आधी पोहोचतात ते याच खातेदाराच्या दारात. शिक्षणासाठी नागपुरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना ही गोष्ट त्यांच्या घरच्यांनी स्पष्ट सांगावी. ‘फक्त खाते वापरू दे’ ही विनंती मित्राने केली तरी तिला नकारच द्यायचा असतो.

खात्यात आलेले पैसे तिथे टिकत नाहीत. काही मिनिटांत ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात वाटले जातात आणि शेवटी एटीएममधून रोख काढले जातात किंवा आभासी चलनात बदलले जातात. तक्रार तासाभरात करावी असे वारंवार सांगितले जाते, त्यामागचे कारण हे आहे.

पत्ता कसा वाचायचा?

संकेतस्थळाच्या पत्त्याआधी दिसणारे कुलूप पाहून अनेक जण निश्चिंत होतात. त्या कुलपाचा अर्थ फक्त एवढाच असतो की तुम्ही भरलेली माहिती वाटेत तिसऱ्या कुणाला वाचता येणार नाही. चिकटवलेले पाकीट वाटेत कुणी उघडले नाही याची खात्री देते, पण ते ज्याच्या हाती पडणार तो प्रामाणिक आहे की नाही हे सांगत नाही, तसेच हे आहे. खोट्या संकेतस्थळांनाही हे कुलूप सहज आणि फुकट मिळते. लोकांचा असा गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून कुलपाचे चिन्ह काढून टाकले.

पत्ता वाचायचा तो उजवीकडून. पत्त्यातली पहिली एकेरी तिरपी रेघ शोधावी आणि तिच्या लगेच डावीकडचे शेवटचे दोन तुकडे पाहावेत. संकेतस्थळाची खरी मालकी तिथे कळते. समजा, एखाद्या दुकानाचा खरा पत्ता ‘अमुकबाजार डॉट कॉम’ असा आहे. मग ‘सेल डॉट अमुकबाजार डॉट कॉम’ हे त्याच दुकानाचे पान असते. परंतु ‘अमुकबाजार डॉट मेगाऑफर डॉट शॉप’ या पत्त्याचा अमुकबाजारशी काडीचाही संबंध नसतो. तो ‘मेगाऑफर डॉट शॉप’ नावाच्या भलत्याच कुणाचा असतो. भारतीय पत्त्यांत शेवटी ‘डॉट को डॉट इन’ अशी जोडी असेल, तर तिच्या आधीचा तुकडाही धरावा. बँकांच्या बाबतीत हे ओळखणे आता सोपे झाले आहे, कारण रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर येण्यास सांगितले होते आणि हा पत्ता बँकेखेरीज कुणालाही मिळत नाही.

पत्ता ठीक वाटला तरी संकेतस्थळाच्या तळाशी जाऊन दुकानदार कोण आहे ते पाहावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, कार्यालयाचा पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दाखवणे बंधनकारक आहे. जिथे केवळ एक अर्ज भरण्याची चौकट किंवा जीमेलचा पत्ता दिलेला असेल, तिथून उठावे. जीएसटी क्रमांक दिलेला असेल तर तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. हा क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो, आणि तो टाकताच व्यवसायाचे नाव समोर येते. अर्थात दुसऱ्याचा क्रमांक उचलून लावणारेही असतात, म्हणून येथे दिसलेले नाव लक्षात ठेवावे. पुढच्याच टप्प्यावर ते उपयोगी पडते.

पैसे कुणाच्या नावावर जात आहेत?

वरच्या सगळ्या तपासण्या करायला प्रत्येकाला वेळ नसतो आणि सवयही नसते. माझे सांगणे असे आहे की बाकी काही जमले नाही तरी एक गोष्ट प्रत्येकाने करावी : पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर ज्याचे नाव दिसते ते थांबून, शब्दशः वाचावे. पूर्वी येथे दिसणारे नाव समोरच्याला हवे तसे ठेवता येई. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने हे बदलले आणि ३० जून २०२५ पर्यंत सर्व यूपीआय ॲपना असा नियम लागू केला की पैसे पाठवताना बँकेत नोंदवलेले खऱ्या लाभार्थीचे नावच दाखवावे. भामट्याला संकेतस्थळ, जाहिरात आणि बोधचिन्ह यांची नक्कल करता येते, पण भाड्याच्या खात्याचे बँकेतील नाव त्याला बदलता येत नाही. नामांकित कंपनीच्या कूलरचे पैसे परराज्यातल्या कुठल्याशा व्यक्तीच्या किंवा ‘एंटरप्रायझेस’ अशा अनोळखी नावाच्या खात्यात जात असतील, तर तो व्यवहार तिथेच सोडून द्यावा. ‘आमचे पेमेंट गेटवे आज बंद आहे, म्हणून या क्रमांकावर टाका’ ही सबब ऐकू आली तर पुढे विचारही करू नये.

घरून साड्या, दिवाळीचा फराळ किंवा वाळवणाचे पदार्थ विकणाऱ्या अनेक प्रामाणिक स्त्रिया स्वतःच्याच नावावर पैसे घेतात आणि त्यांच्यावर संशय घेणे अन्यायाचे होईल. अशा वेळी ओळखीच्या कुणी त्यांच्याकडून माल घेतला आहे का हे विचारावे, पहिली खरेदी छोटी करावी, आणि शहरातल्या शहरात असेल तर माल हातात घेऊन पैसे द्यावेत. सक्करदऱ्याहून धरमपेठेत वस्तू आणून देणाऱ्याला त्याचे वाईट वाटत नाही.

विकणाराही फसतो

जुने सामान ऑनलाइन विकणाऱ्याची फसवणूक वेगळ्या वाटेने होते. तुम्ही सोफा विकण्याची जाहिरात दिली की काही मिनिटांत फोन येतो. बोलणारा स्वतःला लष्करातील जवान म्हणवतो आणि नवी बदली झाल्यामुळे क्वार्टरसाठी सामान हवे असल्याचे सांगतो. आपल्याकडे कामठीला छावणी असल्यामुळे ही बतावणी सहज खरी वाटते. तो घासाघीस करत नाही, सामान पाहायला येत नाही, उलट गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सॲपवर पाठवतो. मग तो एक क्यूआर कोड पाठवून म्हणतो, ‘सर, हा स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे बारा हजार तुमच्या खात्यात जमा होतील.’ विश्वास बसावा म्हणून काही जण आधी एक-दोन रुपये खरोखर पाठवतातही.

यूपीआयचा पिन केवळ पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, स्कॅनही करावे लागत नाही. ज्या क्षणी कुणी ‘पैसे मिळवण्यासाठी’ पिन मागतो त्या क्षणी समोरचा माणूस भामटा आहे हे ठरलेलेच आहे. त्याला अपवाद नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोयही याच गैरवापरामुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, पण क्यूआर कोडचा मार्ग अजून खुला आहे.

खरेदी खरी, फोन खोटा

काही वेळा दुकानही खरे असते आणि ऑर्डरही खरी असते. फसवणूक होते ती नंतर. ‘तुमचे पार्सल गोदामात आले आहे, पण पत्ता अपुरा आहे, २४ तासांत दुरुस्त करा’ असा संदेश आणि त्यासोबत लिंक येते. भारतीय डाक विभागाच्या नावानेही असे संदेश फिरले होते आणि ते खोटे असल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. लिंक उघडल्यावर पत्ता बदलण्यासाठी पाच-पंचवीस रुपये शुल्क म्हणून कार्डाची माहिती विचारली जाते, किंवा एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतात. लिंकवरून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली, ‘एपीके’ असा शेवट असलेली फाइल कधीही उघडू नये. ती एकदा बसली की तुमचे संदेश, आणि पर्यायाने ओटीपी, दुसऱ्याच्या हाती जातात.

वस्तू परत करायची असते तेव्हा लोक कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक गूगलवर शोधतात, आणि तिथे भामट्यांनी पेरून ठेवलेला क्रमांक वर आलेला असतो. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलतो, परतावा देण्यासाठी मोबाइलचा पडदा दाखवणारे ॲप घ्यायला लावतो आणि मग तुमचाच पिन तुमच्याच हातून टाइप होताना पाहतो. ग्राहक सेवेचा क्रमांक कंपनीच्या ॲपमधूनच घ्यावा. डिलिव्हरी बॉय असल्याचे सांगून कुणी ‘स्टार ४०१ स्टार’ने सुरू होणारा क्रमांक फिरवायला सांगितला, तर तो फिरवू नये, त्यामुळे तुमचे फोन दुसऱ्याकडे वळू शकतात आणि फोनवरून सांगितले जाणारे ओटीपीही त्याला ऐकू जाऊ शकतात.

कॅश ऑन डिलिव्हरी पूर्णपणे सुरक्षित आहे असेही नाही. घरातले कर्ते लोक कामावर असताना कुणीही न मागवलेले पार्सल येते, पाकिटावर बरोबर नाव-पत्ता असतो, आणि आजी किंवा फ्लॅट स्कीमचा वॉचमन पाचशे-सातशे रुपये देऊन ते घेऊन ठेवतो. आत चिंध्या किंवा दहा रुपयांची वस्तू निघते. घरात असा नियमच असावा की ज्याच्या नावे पार्सल आहे त्याला फोन केल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. महागडी वस्तू असेल तर ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ची, म्हणजे पाकीट दारातच उघडून वस्तू दाखवण्याची, सोय घ्यावी, वस्तू पाहिल्यावरच ओटीपी सांगावा, आणि पाकीट फोडताना वरचा पत्त्याचा कागद दिसेल असे सलग चित्रण करून ठेवावे.

पैसे गेल्यावर

येथे एक फरक समजून घेतला पाहिजे, कारण तो न कळल्यामुळे बँकेत अनेकांची निराशा होते. तुमच्या नकळत, तुम्ही काहीही न सांगता, कुणी खात्यातून पैसे काढले तर तो अनधिकृत व्यवहार होय. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा वेळी तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकावर काहीही भार पडत नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवल्यास तो मर्यादित राहतो. परंतु कूलरसाठी तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवले असतील, तर बँकेच्या दृष्टीने तो तुम्हीच दिलेला आदेश ठरतो आणि हे संरक्षण सहसा लागू होत नाही. कार्डाने पैसे दिले असतील आणि माल आलाच नसेल, तर बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे कार्डाने दिलेल्या पैशांचा परतावा, मागता येतो. म्हणून अनोळखी दुकानातून घेणे भागच असेल, तर यूपीआयपेक्षा क्रेडिट कार्ड मला अधिक सुरक्षित वाटते.

स्वतः पाठवलेले पैसे परत मिळण्याची खरी आशा १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर असते. फोन करताना बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. ही माहिती एका सामाईक यंत्रणेतून संबंधित बँकांकडे जाते. पैसे ज्या खात्यात पोहोचले असतील तिथे ते गोठवले जातात, आणि पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवले जाते. गोठवलेली रक्कम नंतर परत मिळू शकते. फोन लागत नसेल तर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, स्वतःच्या बँकेलाही कळवावे, आणि मग जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जावे. संकेतस्थळाची, जाहिरातीची आणि संभाषणाची छायाचित्रे आधीच काढून ठेवावीत, कारण ती पाने लवकरच नाहीशी होतात. रक्कम पाचशेची असली तरी तक्रार करावी. एकाच खात्याविरुद्ध ठिकठिकाणाहून तक्रारी आल्या की ते खाते ओळखले जाते.

दुकान खरे असून त्याने सदोष माल दिला किंवा परतावा अडवला, तर मार्ग वेगळा आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिनाभरात निवारण करणे नियमाने अपेक्षित आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली आहे. कंपनी बेंगळुरूची असली तरी नागपूरकराला नागपूरच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क लागत नाही.

तक्रार नोंदवल्यानंतरच्या आठवड्यांत आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. बोलणारा सायबर सेलमधून किंवा रिझर्व्ह बँकेतून बोलत असल्याचे सांगतो, तुमचे पैसे सापडल्याची खबर देतो आणि ते सोडवण्यासाठी ‘प्रक्रिया शुल्क’ मागतो. एकदा फसलेल्यांच्या याद्या भामट्यांमध्ये फिरतात, म्हणून त्याला तुमची रक्कमही अचूक ठाऊक असू शकते. १९३० वर तक्रार करायला किंवा गोठवलेले पैसे परत मिळवायला पोलीस कोणतेही शुल्क घेत नाहीत. असा फोन आल्यास तो क्रमांक टिपून घ्यावा आणि आधीच्या तक्रारीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला तो कळवावा.